डबल ड्रायव्हरच्या गाडीचे तास आणि विश्रांती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या लोहामंडीत आमचं ट्रान्सपोर्टचं छोटं ऑफिस आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता दीर आणि मी मिळून बघतो. गाड्या भरणं-पाठवणं दिराकडे, आणि फेऱ्यांची वही माझ्याकडे. त्यामुळे कोण किती वाजता निघाला, कुठे थांबला, कुणी कुठून स्टिअरिंग घेतलं, हे रोज माझ्या हातून लिहिलं जातं. ड्रायव्हर, त्यांच्या घरच्या बायका आणि नुकत्याच एक-दोन गाड्या घेतलेले आपले मराठी लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत.

एका ड्रायव्हरने दिवसात किती तास काम करायचं?

मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने घालून दिलेली चौकट अशी: दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याचा मार्ग असेल किंवा सणासुदीची गर्दी असेल तर सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ पर्यंत. सलग ५ तास काम झालं की किमान अर्धा तास विश्रांती द्यायचीच. सकाळी कामाला हात लावल्यापासून काम सुटेपर्यंतचा सगळा पसारा, मधली विश्रांती धरून, १२ तासांच्या आत बसला पाहिजे. आजचं काम सुटल्यापासून उद्याचं सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे हवेत. शिवाय आठवड्यातून एक सुट्टी.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ९१ ने हेच तास मालाची किंवा प्रवाशांची गाडी चालवणाऱ्या माणसाला लागू केले. म्हणजे हा विषय कामगार खात्याचा आहे तसाच परिवहन खात्याचाही.

८ चा आकडा सगळ्यांना पाठ असतो. डबल ड्रायव्हरच्या गाडीत, म्हणजे एका गाडीवर दोन ड्रायव्हर असतील तिथे, मात्र खरे महत्त्वाचे आकडे १२ आणि ९ हे आहेत, आणि ते कुणी विचारत नाही.

नवे कामगार कायदे आलेत ना? मग १९६१ चा कायदा गेला का?

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९६१ चा कायदा तिच्यात विलीन झाला. दिवसाला ८ तास आणि जादा तासांना दुप्पट मोबदला या दोन्ही गोष्टी संहितेत कायम आहेत. मधली विश्रांती आणि दिवसाचा एकूण पसारा सरकारने अधिसूचनेने ठरवायचा आहे, आणि जुन्या कायद्याखालचे नियम संहितेच्या विरोधात जात नसतील तोवर चालू राहतात. एक बदल छोट्या मालकांनी लक्षात घ्यावा: जुना कायदा ५ कामगारांपासून लागू व्हायचा, संहितेत ती संख्या १० आहे.

माझ्याकडे दोनच गाड्या आणि चार माणसं आहेत. मग मला यातलं काहीच लागू नाही का?

कलम ९१ ट्रान्सपोर्ट गाडी चालवायला ठेवलेल्या कोणत्याही माणसाबद्दल बोलतं. मालकाकडे एकूण किती माणसं आहेत, हे त्यात विचारलेलंच नाही. आणि कायद्याची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली तरी झोप काही मालकाच्या गाड्या मोजून येत नाही. दोन गाड्यांच्या मालकाची एक गाडी पडली तर त्याचा निम्मा धंदा बसतो. म्हणून मी तर म्हणेन, लहान मालकानेच हे जास्त काटेकोर पाळावं.

दोन ड्रायव्हर असले की ८ आणि ८, असे १६ तास गाडी पळवता येते ना?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात. आमच्याही झाल्या.

तास माणसाचे मोजायचे असतात, गाडीचे नव्हे. दोन ड्रायव्हरसाठी वेगळा तक्ता १९६१ च्या कायद्यात दिलेला नाही. प्रत्येकाचे ८ तास वेगळे, तसाच प्रत्येकाचा १२ तासांचा पसाराही वेगळा, आणि तो त्या माणसाने कामाला हात लावल्या क्षणी सुरू होतो. दोघं एकाच वेळी कामाला लागले तर दोघांचे १२ तास एकाच वेळी संपतात. दुसऱ्याने तोवर स्टिअरिंगला हातही लावलेला नसला तरी.

इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांपासून भिवंडीपर्यंतचं उदाहरण घेऊ, कारण आमच्या निम्म्या फेऱ्या त्याच मार्गाच्या. दुपारी १ वाजता गाडी कारखान्याच्या गेटवर लागली. दोघंही सोबत आहेत. एक जण माल मोजून घेतोय, दुसरा ताडपत्री आणि दोर बघतोय. संध्याकाळी ६ ला गाडी बिल्टी (मालाची पावती) घेऊन सुटली. वहीत आपण काय लिहितो? ‘निघाली ६ वाजता’. आणि तिथून १६ तास मोजायला लागतो. खरं बघता दोघांचा दिवस १ ला सुरू झालेला आहे, तेव्हा रात्री १ वाजता दोघांचाही पसारा संपला. त्या वेळी गाडी साधारण शिरपूर-धुळ्याच्या पट्ट्यात असते. पुढचे साडेतीनशे किलोमीटर, कसाऱ्याचा घाट धरून, दोन थकलेली माणसं आळीपाळीने ओढतात.

याच फेरीची नीट आखणी करायची तर: ६ ला निघा, साडेअकरा-बाराच्या सुमाराला शिरपूरच्या अलीकडे-पलीकडे बरा ढाबा बघून गाडी लावा, दोघंही ९ तास झोपा, सकाळी ९ ला निघा, संध्याकाळपर्यंत भिवंडी. व्यापाऱ्याला माल एका रात्रीऐवजी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळतो. हे त्याला भाडं ठरवतानाच सांगायचं. आम्ही सांगायला लागलो तेव्हा दोन पार्ट्या (माल पाठवणारी गिऱ्हाइकं) तुटल्या, बाकीच्या राहिल्या.

मग दोन ड्रायव्हर ठेवून फायदा काय?

फायदा मोठा आहे, फक्त तो ‘दुप्पट अंतर’ हा नाही. ८ तासांचं ड्रायव्हिंग दोघांत वाटलं जातं, म्हणजे कुणालाही सलग ३-४ तासांपेक्षा जास्त बसावं लागत नाही. पहाटेच्या धोक्याच्या वेळेला ताजा माणूस देता येतो. घाटात शेजारी जागता, जाणता माणूस असतो. एकाला ताप आला, पाठ धरली, घरून वाईट बातमी आली तर गाडी अडत नाही. आणि रात्री उभ्या गाडीतून डिझेल आणि माल चोरीला जातो ती भीती कमी होते, ही गोष्ट मालक मोठ्याने बोलत नाहीत पण सगळ्यांच्या मनात असते.

खरा वेळ वाचवायचा असेल तर गाडी भरताना एकच माणूस पाठवा. दुसऱ्याने दुपारी घरी जेवून झोपावं आणि निघायच्या वेळी वाटेत राऊ गावाला गाडीवर चढावं. रात्रीचा पहिला मोठा टप्पा त्याचा. आम्ही आता हेच करतो.

चालत्या गाडीत मागच्या बर्थवर झोपलेला ड्रायव्हर विश्रांती घेतोय असं धरायचं का?

झोप धरा, विश्रांती धरू नका. दोन्हींत फरक आहे आणि तो समजून घ्यायला हवा.

कायद्याने कामाच्या तासांची व्याख्या केली आहे ती अशी की माणूस मालकाच्या दिमतीला जितका वेळ आहे तितका वेळ कामाचा. गाडी काही काळ थांबून माणूस आपला वेळ आपल्या मर्जीने घालवायला मोकळा असेल, तर ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा मोठा असा खंड त्यातून वगळता येतो. ताशी ६० ने धावणाऱ्या गाडीतला माणूस कुठे जायला मोकळा असतो? तो उतरू शकत नाही, आंघोळ करू शकत नाही, टायर फुटलं तर त्यालाच उठावं लागतं. कलम ९१ च्या पाचव्या पोटकलमात एक वाट आहे: ड्रायव्हर काम करत नसला तरी त्याला गाडीवर किंवा गाडीजवळ थांबावं लागत असेल, तर असा वेळ कोणत्या परिस्थितीत विश्रांतीचा मध्यांतर मानायचा हे राज्य सरकार ठरवू शकतं. ते मध्यांतराबद्दल आहे. रात्रीच्या सलग ९ तासांची जागा ते घेत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एकदा सासरच्या लग्नासाठी धुळ्याला जायचं होतं आणि आमचीच गाडी निघत होती, म्हणून केबिनमधून गेले. ड्रायव्हरदादांनी आग्रहाने मला बर्थ दिला. गादीवर स्वच्छ चादर, उशाला पाण्याची बाटली, सगळं व्यवस्थित. पण मानपूरच्या पुढे उतार लागला की डोकं पुढे घसरायचं, ब्रेकच्या प्रत्येक फुसकाऱ्याला दचकून जाग यायची. खलघाटला नर्मदेचा पूल कधी आला ते मला डोळे मिटूनच कळलं, कारण पुलाच्या सांध्यांवरून चाकं जाताना पाठीखाली ठक-ठक-ठक असा आवाज येत राहिला. चार तास आडवी होते, झोप तासाभराची झाली असेल. धुळ्याला उतरले तेव्हा दादा म्हणाले, “ताई, आज तर तुम्ही पाहुण्या म्हणून झोपलात. आम्हाला तर बर्थवर पडल्यावर हाही कान ठेवावा लागतो की उस्तादचा गेअर नीट पडतोय की नाही.”

त्या दिवसापासून वहीत बर्थवरचे तास मी वेगळ्या रकान्यात लिहिते. पुढच्या पाळीला कोण ताजा आहे हे ठरवायला ते उपयोगी पडतात. पण ९ तास सुरू होतात ते गाडी बंद झाल्यावर.

दुसरा माणूस खलासी (गाडीवरचा मदतनीस, क्लीनर) असेल तर चालेल का? त्याला गाडी येते.

येत असेल, पण लायसन्स नसेल तर तो दुसरा ड्रायव्हर नाही. ट्रान्सपोर्ट गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायला वयाची २० वर्षं पूर्ण लागतात आणि त्या प्रकारच्या गाडीचं लायसन्स लागतं. हलक्या गाडीचं लायसन्स घेऊन एक वर्ष झाल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं शिकाऊ लायसन्स मिळत नाही. लायसन्स नसलेल्याच्या हातात गाडी दिली तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८० खाली मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि विम्याची कंपनी अपघातानंतर पहिला कागद मागते तो चालवणाऱ्याच्या लायसन्सचा.

रात्री ३ वाजता रिकाम्या रस्त्यावर उस्ताद खलाशाला म्हणतो, “घे रे, अर्धा तास सांभाळ.” कित्येक पोरं अशीच शिकली, हे मला माहीत आहे. पण शिकवायची ती वेळ नव्हे. खलाशाला ड्रायव्हर करायचं असेल तर दिवसा, रिकामी गाडी, लर्निंग लायसन्स आणि शेजारी जागता उस्ताद. आमच्याकडे दोन मुलं अशी तयार झाली.

खलाशाचे तासही मोजायचे असतात, हे विसरू नका. तोही मोटार परिवहन कामगारच आहे. १८ वर्षांच्या आतल्या मुलाला १९६१ च्या कायद्याने दिवसाला ६ तासांपेक्षा जास्त आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात कामाला लावता येत नव्हतं. रात्रीच्या लांब गाडीवर असं पोर पाठवूच नका.

नॅशनल परमिटच्या (देशभर माल नेण्याचा परवाना असलेल्या) गाडीला दोन ड्रायव्हर सक्तीचे आहेत ना?

होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९० मध्ये अशा गाडीला किमान दोन ड्रायव्हर आणि सीटच्या मागे पूर्ण रुंदीची, आडवं होता येईल अशी जागा सांगितली होती. २०१८ मध्ये ती सक्ती उठली. तासांचे नियम मात्र उठले नाहीत. आता एकच ड्रायव्हर पाठवायचा असेल तर अंतर त्याच्या एकट्याच्या तासांत बसवावं लागेल. इंदूर-मुंबई सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. भरलेली गाडी सरासरी ४०-४५ ने जाते. म्हणजे नुसतं चाक १३ ते १५ तास. एका माणसाच्या एका दिवसात ते बसत नाही, कितीही ओढलं तरी.

अदलाबदल कधी आणि कुठे करावी?

माणसाच्या शरीराला झोप सर्वांत जास्त ओढते ती पहाटे २ ते ६ या वेळात, आणि दुसरी छोटी लाट दुपारी २ ते ४ मध्ये. त्यामुळे पाळ्या लावताना मी आधी पहाटेचा माणूस ठरवते. जो आदल्या दिवशी घरी पूर्ण झोपलाय तो पहाटेला, बाकीचं त्याच्या मागून.

झोपेतून उठलेल्याला लगेच स्टिअरिंग देऊ नका. डोळे उघडले म्हणजे मेंदू जागा झाला असं नसतं. पंधरा-वीस मिनिटं लागतात, गाढ झोपेतून उठवलं तर कधी जास्तही. गाडी थांबवा, त्याला खाली उतरू द्या, तोंड धुऊ द्या, टायरला एक चक्कर मारू द्या. आमच्याकडे पद्धत अशी की चावी हातात घेण्याआधी त्याने सगळ्या टायरवर हात फिरवायचा. टायर गरम आहे का, हवा कमी आहे का, दोर सैल पडलाय का, हे त्यात बघून होतं आणि तेवढ्यात माणूसही जागा होतो.

जागा घाटाच्या आधीची निवडा. मुंबईकडे जाताना सेंधव्याला बदल झाला तर बिजासनचा घाट ताज्या माणसाच्या हातात येतो. घाटात, उतारावर किंवा पुलावर बदल कधीच नाही. साइडपट्टीवर इंडिकेटर लावून, खाली न उतरता एकाने सरकायचं आणि दुसऱ्याने बसायचं, हा प्रकार जिवावरचा आहे. मागून येणाऱ्याला तुमची उभी गाडी चालती वाटते.

डुलकी येतेय हे कळतं कसं? चहा-तंबाखूने भागत नाही का?

मागचे दोन किलोमीटर आठवत नसतील, गेअर उशिरा पडत असेल, रस्त्याच्या कडेच्या रंबलरवर (खडबडीत पट्ट्यांवर) चाक जाऊन खडखड झाली असेल, तर ती वेळ गाडी लावायची आहे. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला १६-१७ मीटर जाते. पाच सेकंद डोळा लागला तर ऐंशी मीटरच्या वर गाडी कुणीच चालवत नसतं.

चहाचा परिणाम व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि तो झोपेची जागा घेत नाही. खरंच उपयोगी पडते ती पंधरा-वीस मिनिटांची डुलकी, थांबलेल्या गाडीत. आधी चहा प्या, मग पडा, उठेपर्यंत चहाही लागू झालेला असतो. जागं ठेवणाऱ्या गोळ्या कुणी देऊ केल्या तर घेऊ नका, त्या ज्या क्षणी उतरतात त्या क्षणी माणूस कोसळतो.

एक आकडा मी नव्या मालकांना मुद्दाम सांगते. सलग १७ ते १९ तास जागा असलेला माणूस १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसासारखाच संथ होतो, असं अभ्यासातून दिसलं आहे. आपल्या कायद्याची दारूची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. सकाळी ७ ला उठलेल्या ड्रायव्हरला रात्री १ वाजता “अजून थोडं खेच” म्हणून फोन करणारा मालक नक्की काय करायला सांगतोय, ते यावरून समजावं.

कारखान्यात गाडी सहा तास रांगेत उभी होती. ते तास विश्रांतीचे ना?

माल भरणं-उतरवणं, हिशेब, सह्या, गाडीची देखभाल हे सगळं कायद्यात आनुषंगिक काम म्हणून कामाच्या तासांतच धरलं आहे. रांगेत दर पंधरा मिनिटांनी गाडी चार हात पुढे घ्यावी लागत असेल तर तो माणूस मोकळा नाही. उलट गेटवरून टोकन मिळालं, “चार तासांनी या” असं सांगितलं, आणि ड्रायव्हर गाडी लावून कँटीनमध्ये जेवून झोपला, तर ती गोष्ट वेगळी. सरसकट ‘उभी होती म्हणजे आराम झाला’ असं लिहायचं नाही.

इथेच मघाची आमची चूक सांगते. हिवाळ्यातली फेरी होती. पीथमपूरला सकाळी ९ पासून गाडी लागलेली, दोघंही तिथेच, ऊन उतरलं तरी माल भरून होईना. रात्री ८ ला सुटली. मी वहीत लिहिलं: ‘८ ला निघाली, डबल ड्रायव्हर, सकाळपर्यंत अडचण नाही’. रात्री साडेअकराच्या सुमाराला धामनोदच्या पुढे गाडी दुभाजकाला घासत गेली. दोघांच्याही जिवाला काही झालं नाही. डिझेलची टाकी फाटली, पुढचा एक्सल गेला. स्टिअरिंगवर असलेले दादा पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत राहिले, “ताई, मी तर तीनच तास चालवली होती.” ते खरंच बोलत होते. तीन तास चालवली होती, आणि चौदा तास कामावर होते. माझ्या वहीत पहिला आकडा होता, दुसरा नव्हता.

वही कशी लिहावी?

प्रत्येक माणसाचं वेगळं पान. त्यावर चार वेळा: कामाला कधी लागला, स्टिअरिंग कधी घेतलं-दिलं, बर्थवर किती होता, काम कधी सुटलं. शेवटची वेळ लिहिली की तिथेच शेजारी ‘यानंतर ९ तास’ म्हणून पुढची सर्वांत लवकरची वेळ लिहून टाका. मग पार्टीचा फोन आला की पान बघून उत्तर देता येतं, मनाने द्यावं लागत नाही.

जीपीएसवर गाडी दिसते, माणूस दिसत नाही. स्टिअरिंगवर कोण आहे ते ट्रॅकर सांगत नाही. म्हणून बदल झाला की नव्याने बसणाऱ्याने निघण्यापूर्वी आम्हाला एक व्हॉइस मेसेज टाकायचा: नाव, जागा, वेळ. आवाजावरूनही बरंच कळतं. जड आवाज ऐकून मी दोनदा गाडी थांबवायला लावली आहे.

ई-वे बिलाची (माल नेण्यासाठी जीएसटीत काढायच्या ऑनलाइन कागदाची) मुदत संपेल म्हणून रात्रभर चालवावी लागते, त्याचं काय?

हे कारण बहुतेक वेळा खरं नसतं. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, १ जानेवारी २०२१ पासून तसं आहे. सहाशे किलोमीटरला तीन दिवस. आणि वाटेत अडकलात तर मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत कारण देऊन ती वाढवता येते. दूधवाल्याचा, फुलवाल्याचा माल निराळा, पण लोखंडाच्या पाइपला एका रात्रीत पोहोचण्याची घाई नसते. घाई पार्टीची असते.

गाडी बिघडली किंवा घाट बंद झाला तर?

बिघाड, वाहतूक ठप्प होणं, नैसर्गिक आपत्ती यांसाठी कायद्यात सूट ठेवलेली आहे. ती त्या दिवसापुरती. रोज उशीर होत असेल तर तो बिघाड नसून आखणी चुकलेली आहे.

जादा तासांचे पैसे कसे? भत्ता देतोच की आम्ही.

जादा तासांना नेहमीच्या दराच्या दुप्पट. फेरीचा भत्ता जेवणाखाण्याचा असतो, त्यात जादा तास भरून निघत नाहीत. दोन ड्रायव्हरमध्ये एक भत्ता वाटून द्यायची पद्धत तर अगदी वाईट. त्यात दुसरा माणूस शक्य तितक्या लवकर फेरी संपवायच्याच मागे लागतो.

विम्यात दुसरा ड्रायव्हर आपोआप येतो का?

पॉलिसी उघडून बघा, पगारी ड्रायव्हर आणि क्लीनर मिळून किती जणांची जबाबदारी घेतली आहे ते. गाडीवर तीन माणसं आणि पॉलिसीत एकाचा आकडा, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं आहे. एका माणसाची भर घालायचा खर्च क्षुल्लक असतो.

केबिनला एसी खरंच लागतो का?

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे. जुन्या गाडीत निदान बर्थच्या बाजूला छोटा पंखा आणि जाळी बसवून घ्या. मे महिन्यात निमाडात उभ्या गाडीत दुपारी झोप लागत नाही. त्या महिन्यांत आम्ही थांबा रात्रीचा ठेवतो आणि पहाटे निघतो.

भाचा पोलंडला ट्रकवर जातोय. तिथे दोन ड्रायव्हरचे नियम कसे आहेत?

युरोपीय संघाचा नियम क्रमांक ५६१/२००६ तिथे लागतो, आणि त्यात दोन ड्रायव्हरसाठी खास तरतूद आहे. प्रत्येकाने दिवसाला ९ तास चालवायचं, आठवड्यातून दोनदा १० पर्यंत. आठवड्याला ५६ आणि सलग दोन आठवडे मिळून ९०. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटांचा खंड. एकटा असेल तर २४ तासांच्या आत रोजची विश्रांती घ्यावी लागते. दोघं असतील तर ३० तासांच्या आत प्रत्येकी किमान ९ तास. पहिला एक तास दुसरा ड्रायव्हर नसला तरी चालतो, पुढे मात्र सोबत असलाच पाहिजे. शेजारी बसून, चालवणाऱ्याला मदत न करता ४५ मिनिटं गेली तर तो खंड धरला जातो. पण रोजची ९ तासांची विश्रांती चालत्या गाडीत धरत नाहीत. गाडी उभी हवी आणि झोपायची नीट सोय हवी. आठवड्याची ४५ तासांची मोठी विश्रांती तर गाडीत घ्यायलाच मनाई आहे. हे सगळं टॅकोग्राफ या यंत्रात प्रत्येकाच्या कार्डावर नोंदलं जातं, त्यामुळे भाच्याला सांगा, आपलं कार्ड दुसऱ्याच्या हातात कधी देऊ नको.

अमेरिकेत जरा वेगळं. १० तास मोकळे घेतल्यावर ११ तास चालवता येतं आणि तेही १४ तासांच्या आत. तिथे बर्थमधला वेळ चालत्या गाडीतही विश्रांतीत धरतात. त्यांच्या रुंद, सरळ हमरस्त्यांवर ते जमत असेल. आपल्या घाटवाटांना मला युरोपचा विचार जास्त पटतो.

ड्रायव्हर दमलोय म्हणाला तर मालकाने काय करावं?

“कुठे आहेस, तिथे गाडी लावायला जागा आहे का?” एवढंच विचारावं. का दमलास, काल काय केलंस, हे नंतर. पहिल्या खेपेला त्याला उलटतपासणी मिळाली तर दुसऱ्या खेपेला तो सांगणार नाही. पार्टीला फोन मालकाने करायचा, ड्रायव्हरला करायला लावायचा नाही.

आम्ही घरच्यांनी काय करावं? रात्री फोन करावासा वाटतो.

फोन करावासा वाटणारच. पण दोघांपैकी एक चालवत असतो आणि एक झोपलेला असतो. तुम्ही कुणालाही लावला तरी नुकसानच. म्हणून बदलाच्या वेळा आम्ही घरच्यांनाही कळवतो. आमच्या एका ड्रायव्हरची बायको रामबागेत राहते. तिने स्वयंपाकघरात ओट्यावरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने ‘सेंधवा ११’ असं लिहून ठेवलेलं मी पाहिलं. ती अकराला पाच कमी असताना फोन हातात घेऊन बसते. तिकडे गाडी थांबलेली असते, दादा टायर बघून झालेले असतात, दोन मिनिटं बोलणं होतं. मग ती झोपते आणि ते बर्थवर जाऊन फोन बंद करतात.

आणि फेरीवरून आल्यावर पहिले ९ तास त्यांना दळण, गॅस, मुलांची फी यातलं काही सांगू नका. जेवायला वाढा, पडदा ओढा आणि झोपू द्या.